दोन गोड मिरच्यांचं लेकरू

सोनोएने मिरची देठाला धरून अर्धी तोडली, दोनदा चावली आणि थांबली. समोर निखाऱ्यांवर जाळी होती, जाळीवर आणखी मिरच्या तडतडत होत्या आणि भोवती दोन्ही वाड्यांची माणसं हातात बशा घेऊन तिच्या तोंडाकडे बघत उभी होती. पहिला घास वरच्या वाडीने घ्यायचा असं ठरलं होतं. तिने तो गिळला. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, नाक वाहायला लागलं आणि तिने शेजारच्याच्या हातातला गार चहा हिसकावून घेतला.

“काय झालं, विहीणबाई?” खालच्या वाडीच्या यासुजीने विचारलं. “गहिवरून आलं की काय?”

माणसं हसली. सोनोएने पेला रिकामा केला.

“गहिवर कसला! जाळ आहे नुसता. तुम्हीच खाऊन बघा, व्याहीबुवा.”

यासुजीने खाल्ली. आधी त्याचे कान लाल झाले, मग मान. त्याचा मुलगा तोमोनारी तसाच वाफ्यात शिरला आणि एकेका झाडाची मिरची तोडून कच्चीच चावत पुढे गेला. सुरुवातीला तो थुंकत होता, पुढे थुंकायचंही विसरला. शेवटच्या झाडापाशी पोचून तो मागे वळला, तेव्हा त्याच्याकडे बघूनच सगळ्यांना कळलं. एकही झाड सुटलं नव्हतं. त्याची बायको चिनात्सु, म्हणजे सोनोएची लेक, टोपली कडेवर घेऊन उभी होती. तिने टोपली खाली ठेवली आणि निखाऱ्यांवर पाणी ओतलं.

हिनोकुची गावाची मिरची तिखट नसते. नाराच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. वरच्या वाडीची मिरची आखूड, जाड, शेंड्याशी आत वळलेली. खालच्या वाडीची वीतभर लांब आणि सुतळीसारखी बारीक. दोन्ही गोड. दात न आलेल्या लेकरांना इथे भाजलेल्या मिरचीचा गर चाटवतात. कोणाची जास्त गोड यावरून दोन्ही वाड्या इतक्या मन लावून भांडत आल्या आहेत, की पाण्याच्या पाळीवरून भांडायला त्यांना कधी सवडच झाली नाही. आणि आता या दोन मिरच्यांना लेकरू झालं होतं, ते असं.

हा खटाटोप चिनात्सु आणि तोमोनारीचा होता. लग्नानंतर दोघं ओसाकाला राहत होती, तो एका कारखान्यात होता. तिथे जीव रमेना, म्हणून दोघंही गावी परतली आणि यासुजीच्या घरी राहून शेती करू लागली. बारीक मिरची पेटीत मोडते आणि जाड मिरची झाडाला लागते कमी. दोन्हींचा संकर करून लांब आणि जाड मिरची काढायची, ती शहरातल्या हॉटेलांना द्यायची आणि तिच्या जिवावर इथेच राहायचं, असा बेत होता. गेला उन्हाळा परागीकरणात गेला, हा उन्हाळा रोपं वाढवण्यात. यंदा जमलं नाही तर परत जाऊ, कारखान्यातली जागा अजून मिळण्यासारखी आहे, असं तोमोनारीने बापाला सांगून ठेवलं होतं. सोनोएला नवरा उरला नव्हता आणि चिनात्सुखेरीज मूल नव्हतं. बेत फसला तर लेक जाणार, मग आपण या घरात भांड्यांशी बोलत बसणार, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

खोट खालच्या वाडीच्या मिरचीत आहे, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. शंका का नव्हती, ते मात्र तिला कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं.

तिच्या सासरी बी घराबाहेर देत नसत. ती लग्न होऊन आली त्याच वर्षी सासूने तिला बजावलं होतं की लेकीला दागिने द्यावे, भांडी द्यावी, जमीनसुद्धा द्यावी, पण मिरचीचं बी देऊ नये. चिनात्सुला हे माहीत होतं. म्हणून तिने बी मागितलंच नाही.

“नुसती फुलं दे,” गेल्या उन्हाळ्यात ती म्हणाली होती. “त्यातला पराग तेवढा घेईन. सासऱ्यांच्या झाडांवर लावीन.”

“ने की,” सोनोए म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती चहाचा रिकामा डबा घेऊन वाफ्यात गेली आणि फुलापर्यंत गेलेला हात मागे आला. पराग म्हणजे तरी काय, अर्धं बीच की! तो यासुजीच्या घरात गेला की आपल्याकडे काय राहिलं? आज लेक त्या घरात आहे, उद्या काय होईल कोणी सांगावं. मागच्या दारी कुंड्यांमध्ये ढोबळी मिरची होती, बाजारातून रोपं आणून स्वतःपुरती लावलेली. तिचीही फुलं पांढरीच. सोनोएने डबा त्या फुलांनी भरला. चिनात्सु सायकलवरून आली, डबा घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. ढोबळीही गोडच असते, मग कुणाचं काय बिघडलं, असं सोनोए स्वतःला सांगत राहिली आणि हळूहळू तिला ते पटलंही.

तेव्हा हिशोब सरळ होता. आपण दिली ती ढोबळी, दुकानातली, खात्रीची गोड. मग जाळ आला कुठून? खालच्या वाडीतूनच. यासुजीच्या त्या लाडक्या मिरचीच्या पोटात काहीतरी काळंबेरं होतं आणि ते आज बाहेर पडलं.

तिने पोस्टात जायचा रस्ता बदलला. नवा रस्ता यासुजीच्या कुंपणाला लागून जात होता. तिसऱ्या खेपेला तिला हवं ते दिसलं. भिंतीच्या आडोशाला लाल, बारीक, आभाळाकडे तोंड केलेल्या मिरच्यांची ओळ होती. तिखट जातीच्या. यासुजीची बायको फुसाए तिथेच वाकून तण काढत होती.

“काय छान लाल झाल्यात,” सोनोए म्हणाली.

“तांदळाच्या डब्यात टाकायला लागतात ना, किडे होतात,” फुसाए म्हणाली. “न्या थोड्या.”

“नको बाई. आमच्या वाट्याला तिखट भरपूर आलंय सध्या.”

फुसाए सरळ उभी राहिली. तिने हातातलं तण खाली टाकलं नाही.

“विहीणबाई, पोरीने एकेक कळी कागदाच्या पिशवीत बांधली होती. माशी शिरायला जागा नव्हती.”

“राहिलं असेल पिशवीचं तोंड उघडं.”

“सगळ्याच पिशव्यांचं?”

सोनोए पोस्टाच्या रस्त्याला लागली. पण संध्याकाळपर्यंत वरच्या वाडीत घराघरात त्या लाल ओळीची गोष्ट पोचली होती, आणि पोचेपर्यंत एका ओळीच्या तीन झाल्या होत्या.

माल निवडायच्या शेडमध्ये यासुजी समोर आला, तोही काही गप्प बसणारा नव्हता. पेट्या लावता लावता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, “गेल्या साली त्याच पिशव्यांतल्या मिरच्या मी सोलल्यात. बी काढून घेतलं आणि फळं खाल्ली. साखर होती. मग आमच्या झाडात तिखट होतं म्हणता ते तेव्हा कुठं गेलं होतं?”

“म्हणजे तिखट आमच्या फुलांनी आणलं म्हणायचंय?”

“मी कुठं म्हटलं? तुम्हीच म्हणताय.”

“व्याहीबुवा, आमच्या घरात तिखट मिरचीचं झाड माझ्या हयातीत उगवलेलं नाही. तुमच्या भिंतीला काय लावलंय ते गाव बघतंय.”

“गाव बघत नाही, तुम्ही बघता. रोज पोस्टात जाता.”

कुणीतरी फिसकन हसलं. सोनोएने आपली पेटी उचलली आणि ती भलत्याच ढिगावर ठेवून निघून गेली.

चिनात्सुचं येणं कमी झालं. आली तरी ती उंबऱ्याशी बसून बूट न काढता बोलायची. एका दुपारी सोनोएने तिच्यासाठी भाताचे गोळे केले, आत खारवलेलं आलुबुखार भरलं, लोणच्याची बशी पुढे ठेवली. चिनात्सुने एक गोळा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

“आई, पुरे कर ना आता.”

“तुझ्यासाठीच करतेय. त्यांची खोट बाहेर पडली तर तुझ्यावर बोट राहणार नाही.”

“माझ्यावर कुणी बोट ठेवलेलं नाही.”

“मग तोमोनारी रोज फोनवर कुणाशी बोलतो? मला सगळं कळतं. मी ठरवलंय. संशोधन केंद्रातून माणूस बोलवायचा. आपल्या झाडांची पानं, त्यांच्या झाडांची पानं, त्या जळक्या लेकराची पानं, सगळं तपासायचं. हल्ली पानावरून आईबाप सांगतात.”

“नको,” चिनात्सु म्हणाली.

ती इतक्या झटकन म्हणाली की सोनोए तिच्याकडे बघतच राहिली. भाताचा गोळा बशीत परत ठेवला गेला. पढवून ठेवलंय पोरीला, सोनोएच्या मनात आलं. सासू-सासऱ्यांनी आधीच सांगून ठेवलंय की आई तपासणी म्हणाली तर नको म्हण. म्हणजे त्यांना माहीत आहे. तिला पोरीची कीव आली आणि रागही आला.

“नको का?”

“उगाच. झालं ते झालं.”

सोनोएने दुसऱ्याच दिवशी केंद्राला फोन लावला. घरच्या वाफ्यातलं पान द्यायचं, गोड ते गोडच दिसणार, त्यात ढोबळी कोण ओळखतंय, म्हणजे आपली बाजू तर साफच होती. यासुजी नाही म्हणेल अशी तिची खात्री होती. पण तो म्हणाला, “या की. भिंतीजवळच्या लाल मिरच्यांचीही पानं न्या. एकदाचं होऊन जाऊ दे.” तेही तिला संशयास्पद वाटलं. चोर एवढा निर्धास्त कसा?

केंद्रातून नागासे नावाच्या बाई आल्या. कमी बोलणाऱ्या, चष्म्याची दोरी गळ्यात. पानांचे गोल तुकडे कापून त्यांनी नळ्यांत भरले आणि निघून गेल्या. परत आल्या तेव्हा डोंगर लालसर व्हायला लागले होते. शेडमध्ये लाकडी खोके उलटे टाकून सगळे बसले. फुसाएने चहा आणला. सोनोए पुढच्या खोक्यावर बसली होती, पाठ ताठ करून.

“भिंतीजवळच्या मिरच्यांचा यात काही संबंध नाही,” नागासेबाईंनी आधी तेच सांगितलं.

फुसाएने चहाची किटली जरा जोरात खाली ठेवली.

“यासुजींनी गेल्या साली खाल्लेली फळं गोड होती, त्यातही काही नवल नाही. फळ आईचं असतं. बाप कोणीही असला तरी फळाच्या चवीत तो उतरत नाही. तो उतरतो बियांत. ते बी पेरून झाड झालं, त्याला मिरची लागली की मग चव कळते.” त्यांनी चष्मा पुसला. “आता तिखटाचं. मिसो करायला शिजवलेलं सोयाबीन लागतं आणि विरजण लागतं. एका घरात सोयाबीन आहे, विरजण नाही. दुसऱ्या घरात विरजण आहे, सोयाबीन नाही. मिसो कुणाकडेच होणार नाही. पण त्या दोन घरांत सोयरीक झाली तर त्यांच्या लेकराच्या घरी मिसो होईल. मिरचीच्या आतल्या पांढऱ्या शिरांमध्ये तिखट तयार होतं, तेही तसंच. काही गोड मिरच्यांकडे एक वस्तू नसते, काहींकडे दुसरी. म्हणून दोन गोड मिरच्यांचं लेकरू तिखट निघू शकतं. त्यात कुणाची लबाडी नसते.”

शेडमधली माणसं सैलावली. कुणीतरी “बघा!” म्हणालं. यासुजीने मान डोलावली आणि तोमोनारी इतक्या दिवसांत पहिल्यांदा बायकोकडे बघून हसला. सोनोएचाही श्वास मोकळा झाला. कुणाचीच चूक नाही म्हटल्यावर सगळंच मिटलं होतं.

“पण इथे तसं झालेलं नाही,” नागासेबाई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“तुमच्या दोन्ही वाड्यांच्या मिरच्यांकडे सोयाबीन आहे आणि दोन्हींकडे विरजण नाही. अगदी एकाच जागी, एकाच तऱ्हेने बिघाड झालेला आहे. मुळात हे एकच बी असावं. कधीतरी एका वाडीतून दुसऱ्या वाडीत गेलेलं.”

“कुणाच्या पदराला बांधून गेलं म्हणायचं!” मागून एक म्हातारा म्हणाला आणि हशा झाला. सोनोए हसली नाही.

“मग या दोघांचं लेकरू?” तोमोनारीने विचारलं.

“गोड व्हायला हवं होतं. आईकडे विरजण नाही, बापाकडे नाही, लेकराला मिळणार कुठून? पण तुमच्या झाडांना ते मिळालंय, आणि ज्याच्याकडून मिळालं त्याच्याकडे सोयाबीन नव्हतं. बाजारातली ढोबळी मिरची अशी असते. पराग ढोबळीचा होता.”

“माशीने आणला असेल,” फुसाए म्हणाली, आणि हे सोनोएच्या बाजूने बोलणं होतं हे सगळ्यांनाच कळलं.

“माशीने एखाद-दुसरं झाड बिघडलं असतं. इथे सगळीच तशी आहेत.”

सोनोएच्या हातातला पेला गरम होता, पण तिला तो खाली ठेवता येईना. फुलं कुठून येत होती हे शेडमध्ये बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिने तोंड उघडलं. तिला बोलायचं होतं की नुसता श्वास घ्यायचा होता, हे तिचं तिलाही कळलं नाही.

“मी केलं,” चिनात्सु म्हणाली.

ती मागे पेट्यांना टेकून उभी होती.

“आईची फुलं घरी नेईपर्यंत मलूल व्हायची. वाटेत कुणाच्या तरी बागेत ढोबळी होती, तिचीच फुलं तोडायचे. आईचा डबा ओतून द्यायचे.”

“रोज?” तोमोनारी म्हणाला.

“रोज.”

तोमोनारी उठला. त्याने खोकं सरळ करून भिंतीला लावलं आणि कुणाकडे न बघता बाहेर पडला. दोन वर्षं, सोनोएच्या मनात आलं. दोन वर्षं या पोराने कंबर मोडली होती. यासुजी मात्र सुनेकडे बघत नव्हता. तो सोनोएकडे बघत होता, आणि त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर तिला उत्तर देता आलं असतं.

“चहा घ्या, नागासेबाई,” तो म्हणाला. “गार होईल.”

चिनात्सु बाहेर सायकलचं कुलूप काढत होती. सोनोए तिच्यामागे धावली.

“तू कशाला बोललीस?”

“मग कुणी बोलायचं होतं?”

सोनोएने मागे शेडकडे पाहिलं.

“पहिल्याच दिवशी कळलं होतं मला,” चिनात्सु म्हणाली. “मागच्या दारच्या कुंड्यांवर एक फूल नव्हतं आणि तुझा वाफा फुलांनी पांढरा फटक होता.”

“तेव्हाच का नाही बोललीस?”

“कुणाशी? तुला विचारलं असतं तर तू कानांवर हात ठेवले असतेस. त्यांना सांगायचं म्हणजे माझ्या आईचा तुमच्यावर विश्वास नाही, हे सांगायचं. मला त्या घरात राहायचं होतं, आई. वाटलं, गोड ते गोड, कुणाला कळणार आहे.”

ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

“तोमोनारी काय म्हणेल?”

“काय म्हणायचंय? तो आठवड्यात ओसाकाला जाईल. मला ने म्हणायचं तोंड आता मला राहिलेलं नाही, आणि इथे राहायचंही.”

“माझ्याकडे ये.”

चिनात्सुने आईकडे पाहिलं. कुणी वेड्यासारखं काही बोललं तर माणूस पाहतो, तसं. मग ती सायकलवर बसली आणि उताराने गेली. वळणावर तिने ब्रेक दाबला तेवढा ऐकू आला.

सोनोए तिथेच उभी राहिली. ती घरी जाऊ शकली असती. कुणी तिला काही विचारणार नव्हतं. गावाला उत्तर मिळालं होतं आणि ते उत्तर तिच्या सोयीचं होतं. इतके दिवस जे घर तिने संशयाने चाळणीतून चाळलं, तिथे तिची पोर आता आयुष्यभर खाली मान घालून वावरणार होती. तिला स्वतःची किळस आली.

नागासेबाईंची गाडी गेली. वरच्या वाडीची माणसं बोलत बोलत चढाला लागली, त्यांनी तिला हाक मारली, ती गेली नाही. शेडमध्ये यासुजी एकटाच पेले गोळा करत होता.

“काही राहिलं का, विहीणबाई?”

“फुलं माझी होती,” सोनोए म्हणाली. “कुंडीतली. मी भरून देत होते. पोरगी खोटं बोलली.”

यासुजीने हातातला पेला फडक्याने पुसला, उजेडात धरून बघितला आणि पुन्हा पुसला.

“हे मला सांगून काय उपयोग?” तो म्हणाला. “तोमोनारी घरी गेलाय. तीही पोचली असेल एव्हाना.”

“तिकडेच निघालेय.”

“पोरीला सगळ्यांसमोर खोटं पाडाल.”

“हो.”

“ती नाहीच म्हणेल. ऐकायची नाही.”

“माझीच आहे ती,” सोनोए म्हणाली. “मीही ऐकत नाही.”

यासुजीने पेले तसेच ठेवले आणि खुंटीवरची किल्ली काढली. बाहेर त्याचा छोटा पांढरा ट्रक उभा होता. त्याने बाजूच्या सीटवरची दोरी आणि रिकाम्या पिशव्या मागे फेकल्या आणि हाताने सीट झाडली. सोनोए आत बसली. तिच्या बाजूचं दार नीट लागेना, म्हणून तिने ते हाताने ओढून धरलं आणि ट्रक उताराला लागला.